दूर राहणाऱ्या माणसांसोबत एकच चंद्र, एकच तारे: वेळ जुळवायची कशी?

क्षितिजरेषा

घरातलं कोणी परदेशी गेलं की "तोच चंद्र तिकडेही दिसतो" असं आपण सहज म्हणतो. ते खरं आहे, पण बहुतेक वेळा त्याच क्षणी नाही. इथे आई गच्चीवर चंद्र बघत असते तेव्हा तिकडे लेकीच्या ऑफिसात दुपार असते आणि चंद्र तिच्या पायाखाली असतो. दोघींना खरोखर एकाच क्षणी तो दिसायला हवा असेल तर थोडं गणित करावं लागतं. ते अवघड नाही आणि एकदा जमलं की वर्षानुवर्षं उपयोगी पडतं. म्हणून हा धागा.

आधी एक भेद लक्षात घ्या, सगळं त्यावर उभं आहे. चंद्र "एकाच क्षणी" बघायचा. तारे "आपापल्या रात्री, त्याच स्थानिक वेळेला" बघायचे. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या रुंदीइतका, म्हणजे अर्धा अंश सरकतो. दहा तासांनी त्यांना दिसणारा चंद्र पाच अंश पुढे गेलेला असतो. ताऱ्यांचं तसं नाही. पुण्यात रात्री ९ ला मृग जिथे दिसतो, साधारण तिथेच तो दहा तासांनी न्यू जर्सीत त्यांच्या रात्री दिसतो. उंची अक्षांशामुळे बदलते, दिशा जवळपास तीच राहते.

चंद्राची सामाईक वेळ काढायची पद्धत:

१. दोन्ही गावांच्या चंद्रोदय आणि चंद्रास्ताच्या वेळा लागोपाठ दोन दिवसांच्या घ्या. एकाच दिवसाच्या घेतल्या तर हमखास गोंधळ होतो.

२. सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहा, तारखेसकट. न्यू जर्सीत २० तारखेची दुपार ४:१५ म्हणजे आपल्याकडे २१ तारखेची पहाट २:४५. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

३. दोन्हीकडे चंद्र वर असलेला काळ शोधा.

४. दोन्ही टोकांकडून किमान पाऊण तास कापा. कोष्टकातली वेळ मोकळ्या, सपाट क्षितिजासाठी असते. समोर दहा अंश उंचीची टेकडी किंवा इमारत असेल तर पुण्यात पाऊण तास, न्यू जर्सीत तासाभराच्या आसपास थांबावं लागतं. तिकडे चंद्र जास्त तिरका चढतो म्हणून हा फरक.

५. उरलेल्या वेळेत सूर्य कुठे आहे ते बघा. दिवसा चंद्र दिसतो, पण शोधावा लागतो.

उदाहरण म्हणून पुणे आणि न्यू जर्सी, डिसेंबरची पौर्णिमा. पुण्यात चंद्रास्त सकाळी सव्वासातच्या आसपास, न्यू जर्सीत चंद्रोदय दुपारी सव्वाचारच्या आसपास, म्हणजे आपले पहाटेचे पावणेतीन. टोकं कापली की आपले साडेतीन ते साडेसहा उरतात. सगळ्यात चांगली वेळ आपली पहाटे ५, त्यांची संध्याकाळी ६:३०. त्या वेळी दोन्हीकडे चंद्र दोन-अडीच मुठी उंच असतो. (हात ताठ समोर धरून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश.) पुण्यात तो पश्चिमेकडून थोडा वायव्येला झुकलेला, त्यांच्याकडे पूर्वेला.

पुणे आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांना प्रत्येक पौर्णिमा मिळत नाही. थंडीतल्या पौर्णिमेचा चंद्र आकाशात उत्तरेकडे असतो, म्हणून तो दोन्हीकडे जास्त वेळ क्षितिजाच्या वर राहतो आणि सामाईक काळ चार तासांच्या वर जातो. ज्येष्ठ-आषाढातल्या पौर्णिमेचा चंद्र खूप दक्षिणेला असतो. तिकडे तो उगवायच्या आतच इथे मावळलेला असतो. तेव्हा जून-जुलैत प्रयत्न फसला तर दोष तुमच्या गणिताचा नाही. शिवाय इथे ढगही असतात. मार्गशीर्ष आणि पौष हे या कामाचे महिने.

---

ओसरीवरून

वाचनखूण साठवली. कोजागरीचं कसं जमवायचं? मध्यरात्री दूध आटवून सगळे व्हिडिओ कॉलवर येतात, पण तिकडची मंडळी उन्हात बसलेली असतात.

---

क्षितिजरेषा

कोजागरीला भारतातली मध्यरात्र म्हणजे न्यू जर्सीत दुपारी अडीच (तेव्हा तिकडे उन्हाळी घड्याळ असतं, म्हणजे तासभर पुढे). तेव्हा तिकडे चंद्र नसतोच. पण कोजागरीची रात्र इथे संपत येते तेव्हा तिकडे सुरू होते. ऑक्टोबरच्या पौर्णिमेला तिकडे संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास चंद्र उगवतो, आपले पहाटेचे पावणेचार. आपल्याकडे साडेसहापर्यंत तो पश्चिमेला असतो. म्हणून कॉल आपल्या पहाटे पाचला ठेवा, त्यांचे संध्याकाळचे साडेसात. इथल्यांनी मध्यरात्रीचं दूध घ्यावंच, पण एक भांडं पहाटेसाठी बाजूला ठेवावं. तिकडच्यांची कोजागरी तेव्हा सुरू होत असते.

---

पंचांगप्रेमी

संकष्टीबद्दल लिहितो, कारण हा प्रश्न घरोघरी येतो.

संकष्टीचा चंद्रोदय त्या त्या गावाचा घ्यायचा. महाराष्ट्रातच मुंबई आणि नागपूर यांच्या चंद्रोदयात साधारण २५ मिनिटांचा फरक पडतो (रेखांशाचा एक अंश म्हणजे ४ मिनिटं). मुंबईची वेळ बघून न्यू जर्सीत उपास सोडणं म्हणजे चंद्र न बघताच सोडणं. आणि त्यांची चतुर्थी भारताच्या तारखेलाच येईल असंही नाही, तिथीसुद्धा स्थानिक पंचांगावरून बघावी.

एकत्र दर्शनाची एक सोय मात्र आहे. त्यांच्याकडे संकष्टीचा चंद्र रात्री नऊच्या सुमारास उगवत असेल तर उन्हाळी घड्याळाप्रमाणे भारतात दुसऱ्या दिवसाची सकाळ ६:३० असते. कृष्ण चतुर्थीचा चंद्र आपल्याकडे सकाळी साडेआठ-नऊपर्यंत पश्चिमेला असतो. सकाळच्या उजेडात फिकट दिसतो, पण दिसतो. इथल्या आजींनी आदल्या रात्री उपास सोडलेला असतो. सकाळी त्यांनी पश्चिमेकडे बघावं, त्याच वेळी नात तिकडे पूर्वेकडे बघत असते. चंद्र दक्षिणेकडे असण्याच्या महिन्यात हे जमत नाही, नियम वर सांगितलाच आहे.

---

दक्षिणायन

सिडनी, मेलबर्नवाल्यांसाठी काय?

---

क्षितिजरेषा

तुमचं गणित सोपं आहे. पुणे आणि सिडनी यांच्या रेखांशात साधारण ७७ अंशांचा फरक. पौर्णिमेला सामाईक काळ सहा-सात तासांचा मिळतो आणि वर्षभर मिळतो.

- पौर्णिमा: आपल्या संध्याकाळी सातला तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा (घड्याळ कुठलं चालू आहे त्यावर). इथे चंद्र नुकताच वर आलेला, तिथे उंच चढलेला. मुलांना जागं ठेवावं लागेल एवढीच अडचण.

- शुक्ल अष्टमी: तुमच्या संध्याकाळी सात म्हणजे इथली दुपार दीड-अडीच. अष्टमीचा चंद्र इथे दुपारी बाराच्या आसपास उगवतो, तेव्हा पूर्वेला निळ्या आकाशात सापडतो. सूर्य इमारतीच्या आड येईल अशा जागी उभं राहा आणि सूर्याकडे पाठ करून वर बघा. दुर्बीण असेल तर सूर्य ज्या बाजूला आहे तिकडे ती चुकूनही फिरवू नका.

- बीज-तीज: जमत नाही. इथे तिन्हीसांजेला कोर दिसते तेव्हा तुमच्याकडे ती मावळलेली असते.

आणि तुमच्याकडे चंद्र उलटा दिसतो. इथे जो डाग वर, तो तिथे खाली. वाढत्या चंद्राची प्रकाशित बाजू इंग्लंड-अमेरिकेत उजवीकडे, तुमच्याकडे डावीकडे. फोटो पाठवताना फिरवू नका. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कोण पृथ्वीच्या कुठल्या बाजूला उभं आहे ते लहान मुलालाही कळतं.

---

गच्ची_क्र_४

अ‍ॅपमध्ये सगळं दिसतं की. एवढं गणित कशाला?

---

क्षितिजरेषा

अ‍ॅप एका वेळी एका गावाचं आकाश दाखवतं. दोन गावांची सामाईक वेळ तुम्हालाच काढावी लागते. स्टेलॅरियममध्ये (आकाश दाखवणारं अ‍ॅप) हे असं करा: ठिकाण पुणे, वेळ थांबवून ठेवा, चंद्राची उंची बघा. मग ठिकाण न्यूअर्क (न्यू जर्सीतलं शहर) करा आणि घड्याळाचा काटा त्या ठिकाणाच्या वेळेवर आला का ते तपासा. कधी कधी ठिकाण बदलतं पण वेळेचा पट्टा (टाइम झोन) फोनचाच राहतो आणि साडेनऊ-साडेदहा तासांची चूक होते.

फोन आकाशाकडे धरून बघत असाल तर बाल्कनीच्या लोखंडी जाळीपासून दूर उभे राहा. जाळीमुळे होकायंत्र भलतीकडे दाखवतं आणि माणूस रिकाम्या आकाशाकडे बघत राहतो. गच्चीवर पाण्याच्या लोखंडी टाकीजवळही हेच होतं.

---

अनुराधा_न

घड्याळाच्या फरकांबद्दल भर घालते.

भारत आणि अमेरिकेचा पूर्व किनारा: हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. इंग्लंड: साडेपाच आणि साडेचार, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदल. सिडनी आपल्या पुढे साडेचार किंवा साडेपाच तास, बदल ऑक्टोबर आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी. दुबई कायम दीड तास मागे, सिंगापूर कायम अडीच तास पुढे.

मार्चमध्ये अमेरिका बदलते आणि इंग्लंड अजून बदललेलं नसतं, असे दोन-तीन आठवडे जातात. एक भावंड लंडनला, दुसरं न्यू जर्सीला आणि आई-बाबा नाशिकला अशा घरांत नेमकी तेव्हाच वेळ चुकते. ऑक्टोबरच्या शेवटीही एक आठवडा असाच.

लंडनसाठी सगळ्यात सोपी वेळ थंडीतली पौर्णिमा. तिकडे संध्याकाळी पाच, इथे रात्री साडेदहा. कोणालाच पहाटे उठावं लागत नाही.

कॅलिफोर्नियाचं मात्र न्यू जर्सीच्या उलट आहे. तिकडे चंद्र मावळत असतो तेव्हा इथे उगवत असतो. डिसेंबरच्या पौर्णिमेला आपल्या संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, त्यांचे पहाटेचे पाच ते सात. इथल्या ज्येष्ठांना हे जास्त सोयीचं.

---

ओसरीवरून

ज्येष्ठांचं निघालंच आहे तर विचारते. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, तारे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी काय निवडावं?

---

अनुराधा_न

चंद्र आणि शुक्र. शुक्र संध्याकाळी किंवा पहाटे असतो त्या महिन्यांत कुठल्याही ताऱ्यापेक्षा खूप तेजस्वी असतो, मोतीबिंदू असूनही बरेचदा सापडतो. त्याला एकाच क्षणाचा हट्ट नको. त्यांनी त्यांच्या तिन्हीसांजेला बघावा, नातवाने त्याच्या.

वेळ सांगताना आईंना फक्त भारतीय वेळ सांगा. "तुमचे अमुक, त्यांचे तमुक" असं सांगितलं की कोणती आपली ते विसरतं. महिन्याचा एकच कागद मोठ्या अक्षरांत लिहून दिनदर्शिकेशेजारी लावा: तारीख, वार, वेळ, दिशा. दिशा "वायव्य" अशी नको, "देशपांड्यांच्या आंब्याच्या बाजूला" अशी. पहाटेची वेळ असेल तर गच्चीवर नेऊ नका. पश्चिमेची एखादी खिडकी बघून ठेवा, पुणे-न्यू जर्सीच्या जोडीला बहुतेक वेळा पश्चिमच लागते.

---

मृगाचा_पट्टा

ताऱ्यांबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहितो. चंद्र महिन्यातून दोन-चार दिवसच जमतो, तारे महिनोन्‌महिने रोज जमतात.

सगळ्यांसाठी एकच निवडायचं तर मृग. त्याच्या पोटातले तीन तारे (बाण) खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेघ) अगदी जवळ आहेत, म्हणून पुणे, लंडन, न्यू जर्सी, सिडनी, सगळीकडून दिसतात. डिसेंबर ते मार्च, रात्री आठ ते दहा. बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध. सिडनीत मृग उलटा, व्याध त्याच्या वर.

एप्रिल ते जून स्वाती आणि चित्रा. स्वाती पुण्यात जवळजवळ डोक्यावर येते, न्यू जर्सीत सात मुठी उंच, सिडनीत उत्तरेकडे पावणेचार मुठी.

जुलै ते सप्टेंबर इथे ढग. एखादी उघाडीची रात्र मिळाली तर श्रवण. ऑक्टोबरातही तो तिन्हीसांजेनंतर चांगला सापडतो.

ध्रुव या कामासाठी निवडू नका असं मी सांगेन, निदान ऑस्ट्रेलियात कोणी असेल तर. तिकडे तो दिसतच नाही. उत्तर गोलार्धातल्या दोन घरांसाठी मात्र सुंदर आहे, कारण त्याची उंची म्हणजेच त्या गावाचा अक्षांश: पुण्यात दोन मुठींना थोडा कमी, न्यू जर्सीत चार, लंडनला पाच. दोघांनी मुठी मोजून एकमेकांना आकडा पाठवावा, आपण पृथ्वीच्या गोलाईवर किती दूर आहोत ते हाताने मोजलेलं असतं. पुण्यात उत्तरेला उंच इमारत असली तर तो झाकला जातो, नीट जागा शोधा.

अगस्त्य ही दुसरी फसगत. फेब्रुवारीत इथे दक्षिणेला दोन मुठींवर झळकतो, म्हणून लोक तिकडे शोधायला सांगतात. न्यू जर्सी आणि लंडनहून तो कधीच उगवत नाही. ह्यूस्टनहून जेमतेम, क्षितिजाला लागून. सिडनीत खूप उंच.

वेळेची एक दुरुस्ती. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि पुणे ७४ च्या जवळ. त्यामुळे पुण्याचं आकाश घड्याळाच्या साधारण ३४ मिनिटं मागे असतं. पुण्यात रात्री ९ ला मृग जिथे दिसला, तिथे तो न्यू जर्सीत हिवाळी वेळेच्या ८:२५ ला दिसेल, उन्हाळी वेळेच्या ९:२५ ला. लंडनलाही हिवाळ्यात ८:२५. नागपूरकरांनी १४ मिनिटंच वजा करावीत.

---

दक्षिणायन

माझा मुलगा विचारतोय: दोघांनी एकाच क्षणी बघितलेला चंद्र अगदी एकाच जागी दिसतो का?

---

क्षितिजरेषा

फार चांगला प्रश्न. नाही, आणि तो फरक घरच्या घरी मोजता येतो.

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. पुणे आणि न्यू जर्सी यांना पृथ्वीच्या पोटातून जोडणारी सरळ रेषा साधारण १०,६०० किलोमीटरची. त्यामुळे मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत दोघांचा चंद्र दीड अंशापर्यंत सरकलेला दिसतो, म्हणजे तीन चंद्रांची रुंदी. पुणे-सिडनी जोडीलाही तो सव्वा अंशाच्या पुढे जातो. पुणे-दुबईला मात्र जेमतेम अर्ध्या चंद्राचा.

मोजायचं असं: चंद्राजवळ ठळक ग्रह किंवा रोहिणीसारखा तारा असेल अशी रात्र निवडा. गुरू असेल तर उत्तम. फोनवर "तीन, दोन, एक" म्हणून दोघांनी एकाच क्षणी फोटो काढायचा, चंद्र आणि ग्रह दोन्ही चौकटीत हवेत. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालेल, चंद्र तेवढ्यात फारसा सरकत नाही. मग प्रत्येक फोटोत चंद्राच्या मध्यापासून ग्रहापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही चौकटींचा झूम सारखा हवा, नाहीतर तुलना निरर्थक. चंद्र ग्रहाच्या कुठल्या अंगाला सरकला तेही बघा. कधी अंतर जवळपास तेवढंच राहतं आणि दिशाच बदलते.

---

गच्ची_क्र_४

फोटोत चंद्र पांढरा ठिपका येतो, त्याचं काय?

---

अनुराधा_न

मॅन्युअल किंवा प्रो मोड असेल तर आयएसओ १००, शटर १/१२५ ते १/२५०. नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, फोकस पक्का झाला की उजेडाची पट्टी खाली ओढा, डाग दिसेपर्यंत. फोन कठड्यावर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा. नाइट मोड बंद. तो चंद्राला जाळतो.

क्षितिजरेषांनी सांगितलेल्या मोजणीसाठी मात्र उलट करा, ग्रह दिसेल इतका उजेड ठेवा. चंद्र पांढरा झाला तरी चालेल, आपल्याला त्याचा मध्य हवा आहे.

---

मृगाचा_पट्टा

भारतातल्या भारतात दूर असलेल्यांसाठी: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास उंचीवरून जातं, म्हणून मुंबई आणि नागपूर एकच फेरी एकाच वेळी बघू शकतात. एकाला ते डोक्यावरून, दुसऱ्याला बाजूने दिसेल. तिन्हीसांजेच्या किंवा पहाटेच्या फेऱ्याच निवडा, मध्यरात्री ते बहुतेक पृथ्वीच्या सावलीत असतं.

---

पंचांगप्रेमी

पुढच्या दोन तारखा सगळ्यांनी आत्ताच लिहून ठेवाव्यात. चंद्रग्रहण हे एकत्र बघण्याचं सगळ्यात चांगलं निमित्त, कारण त्याचा मध्य सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी येतो, गणिताची गरजच नाही.

३१ डिसेंबर २०२८, खग्रास. मध्य भारतीय वेळेनुसार रात्री १०:२२ च्या सुमारास. भारत, आखात, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, युरोप सगळ्यांना. सिडनीत तेव्हा १ जानेवारीची पहाट, चारला काही मिनिटं कमी. लंडनला संध्याकाळचे पाच वाजायला आलेले आणि चंद्र अगदी खाली, मोकळी पूर्व बाजू शोधून ठेवावी लागेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला हे मिळणार नाही.

२० डिसेंबर २०२९, खग्रास. मध्य भारतात २१ तारखेला पहाटे सव्वाचारच्या आधी, न्यू जर्सीत २० तारखेला संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास. दोन्हीकडे चंद्र चांगला वर. धाग्याच्या सुरुवातीला दिलेली डिसेंबरची खिडकी ती हीच.

---

ओसरीवरून

२०२९ ची तारीख भारताची लिहायची की तिकडची?

---

पंचांगप्रेमी

दोन्ही, वारासकट. इथल्या कागदावर "शुक्रवार २१, पहाटे ४", तिकडच्या कागदावर "गुरुवार २०, संध्याकाळी साडेपाच". दोघांनी आपापला कागद फोटो काढून एकमेकांना पाठवा आणि जुळतोय का ते आठवडाभर आधी तपासा.